दुपारी तीनची साक्ष

मुकादम चाचा गेल्याचं मला कॉलेजच्या वाचनालयात कळलं. आईचा फोन आला. सीझनच्या दिवसांत आई दुपारी कधीच फोन करत नाही, कारण तिचे हात आंब्याच्या चिकाने बरबटलेले असतात आणि मोबाईलला चिकट बोट लागलेलं तिला खपत नाही. मी पायरीवर येऊन फोन उचलला. "बाय, चाचा गेले गो," एवढंच ती म्हणाली. मग थोडं थांबून, "सकाळी नमाज करून अंगणात खुर्चीवर बसलेले. चाची चहा घेऊन येईपर्यंत…" तिच्या मागे शेडमध्ये नेहमी पेट्यांना खिळे ठोकण्याचा आवाज असतो, आमचं फोनवरचं अर्धं बोलणं त्यातच हरवतं. त्या दिवशी तो आवाज नव्हता. म्हणून मला ते खरं वाटलं.

याला आता काही आठवडे झाले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली आणि वर्तमानपत्रासाठी काही लिहिणारी तर नक्कीच पहिली, त्यामुळे कुठून सुरुवात करावी हे मला नीट कळत नाही. पण लिहायला हवं, असं वाटण्याला एक कारण आहे. चाचांच्या घरी भेटायला गेले तेव्हा अंगणात बसलेल्या चार माणसांनी मला बघून एकमेकांना सांगितलं, "ही त्यांची सगळ्यात शिस्तीची पोरगी." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं दुःखाने. तसं नव्हतं. ते वाक्य पूर्ण खरं नाही, हे तोपर्यंत तीन माणसांना माहीत होतं… चाचांना, आईला आणि मला. आता त्यातले चाचा नाहीत. मग ते वाक्य तसंच खरं म्हणून चालू द्यायचं का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

चाचा सैन्यात हवालदार होते. नव्या जवानांना पिस्तूल चालवायला शिकवणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन पावस गावाच्या अलीकडे आपल्या घरी परतले तेव्हा वडिलांची आंब्याची थोडी कलमं आणि पत्र्याची एक लांब शेड त्यांच्या वाट्याला आली. मार्च ते मे त्या शेडमध्ये आंबा भरला जायचा. बाकीचे नऊ महिने ती रिकामी असायची, आणि रिकामी जागा चाचांना बघवायची नाही. त्यांनी एका टोकाला चिऱ्याची जाड भिंत बांधली, तिच्यावर लाकडी फळ्या ठोकल्या, दहा मीटर मोजून चुन्याची रेघ मारली आणि हवेच्या पिस्तुलाची नेमबाजी शिकवायला सुरुवात केली. आम्ही सहा-सात जण असू. जूनमध्ये शेड ताब्यात यायची तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यात पेंढा असायचा, पहिले पंधरा दिवस नेम धरताना आंब्याचा वास यायचा. मला अजून पिकल्या आंब्याचा वास आला की उजवा हात आपोआप सरळ होतो.

माझी आई त्या शेडमध्ये कितीतरी वर्षं आंबा भरायला जाते. बाबा मिरकरवाड्याहून बोटीवर खलाशी म्हणून जातात, ते आठ-आठ दिवस घरी नसतात. अकरावीला असताना जूनमध्ये आईचा विसरलेला डबा आणायला मी शेडवर गेले. आतून 'टप्… टप्…' असा आवाज येत होता. मी दार ढकलणार तेवढ्यात आतून हाक आली, "थांब! दाराला हात लावू नको. मी सांगेन तेव्हा ये." मी उन्हात तशीच उभी. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि चाचा हसत म्हणाले, "सुलभावहिनींची काय गो तू? सांगितल्यावर थांबलीस. शंभरातली नव्वद माणसं विचारतात, का थांबू?" डबा हातात देता देता त्यांनी विचारलं, "शिकायचं हाय?" मी नुसती डब्याची कडी चाळवत राहिले. लाजून. ते म्हणाले, "मग सोमवारी ये. आणि पाण्याची एक लिटरची बाटली आण."

ती बाटली प्यायची नव्हती. तीन महिने मी ती हाताने पुढे धरून उभी राहत होते. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, "अगो, पिस्तूल दिलं का?" मी म्हणायचे, "अजून बाटलीच." शेवटी पिस्तूल हातात आलं तेव्हा माझा हात स्थिर होता, पण बोट नव्हतं. नेमबाजीत सगळे नेमाबद्दल बोलतात. चाचा बोटाबद्दल बोलायचे. ते म्हणायचे, नेम सगळ्यांनाच लागतो, शेवटच्या क्षणी बोट घाई करतं आणि सगळा नेम वाया घालवतं. माझं बोट घोडा ओढायचं नाही, त्याच्यावर झडप घालायचं. 'दाब, ओढू नको. एकसारखा दाब,' हे चाचांनी मला हिंदीत, मराठीत, सैन्यातल्या भाषेत, सगळ्या तऱ्हांनी सांगून बघितलं. फेब्रुवारीत, पहिले आंबे उतरायला लागले तेव्हा, एक दिवस ते कंटाळून खुर्चीवर बसले आणि अचानक म्हणाले, "तुझी आई आंबा कसा उचलते बघितलंस कधी?"

मी दर सीझनला बघत होते, पण बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी आईला विचारलं. तिने फळीवरचा एक आंबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पिकलाय की नाय, सांग." मी अंगठ्याने दाबला. तिने माझ्या हातावर चापट मारली. "मेली, डाग पडला ना! उद्या तिथेच काळा पडेल तो. दाबायचा नाय. बोट ठेवायचं, नि आंबा किती देतो ते बघत राहायचं." आंबा किती देतो ते बघत राहायचं… दुसऱ्या दिवशी मी हे चाचांना सांगितलं तेव्हा ते टाळी वाजवून हसले. "मी पंचवीस वर्षं फौजेत शिकवलं, मला हे वाक्य सुचलं नाय! आजपासून तुझी उस्ताद ती. मी नुसता चौकीदार." नंतर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं आणि प्रत्येक वेळी न चुकता जोडलं, "हे सुलभावहिनींचं हाय, माझं नाय."

मार्चमध्ये शेड पुन्हा आंब्याची झाली की आमचा सराव बंद व्हायचा, आणि जिल्ह्याची निवड स्पर्धा नेमकी सीझन संपता संपता असायची. त्यामुळे चाचा भरवशाच्या मुलांना पिस्तूल घरी न्यायला द्यायचे. गोळी न घालता, नुसता घोडा दाबायचा सराव. हवेच्या पिस्तुलात नळीखाली दाबाच्या हवेचा सिलेंडर असतो. तो चाचा काढून घ्यायचे आणि तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा बसवून द्यायचे. मुगाएवढे शिशाचे छर्रे तर कुणाच्या घरी कधीच जायचे नाहीत. म्हणजे घरी नेलेलं पिस्तूल फक्त 'टक्' आवाज करू शकायचं. तरीही चाचांचा नियम होता की, ज्या घरात पिस्तूल जाणार, त्या घरातलं एक मोठं माणूस ते तपासायला शिकल्याशिवाय द्यायचं नाही. त्या माणसाला ते 'साक्षीदार' म्हणायचे.

माझी पाळी आली तेव्हा आईने सरळ सांगितलं, "बंदूकबिंदूक माझ्या घरात नको." मग चाचाच घरी आले. आधी आत आलेच नाहीत. घराभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधून, जागा विकत घ्यायला आल्यासारखी. "या भिंतीच्या मागे विहिरीची वाट. ही नको. ही स्वयंपाकाची, मागे शेजाऱ्यांची म्हैस. तिलापण जीव हाय." शेवटी घरामागे जिथे डोंगर कापून दरड उभी आहे, तिकडची भिंत त्यांना पसंत पडली. आत आले तर त्या भिंतीवर कॅलेंडर आणि माझं दहावीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं.

"हे काढा वहिनी. भिंत कोरी पाहिजे. डोळ्याला काही दिसलं की नेम तिकडे जातो."

"कॅलेंडर काढते. सर्टिफिकेट कसं काढू? घरात तेवढं एकच हाय."

"दुसऱ्या भिंतीवर लावा. नि जागा वायंच जास्त ठेवा, पोरगी अजून आणेल."

आई हसली, आणि तिथेच तिचा विरोध संपला असं मला वाटतं. चाचांनी तिला पाटावर बसवून शिकवलं. मागची कळ उघडायची, आत बघायचं, मग नारिंगी रंगाची जाड दोरी मागून आत सरकवायची. आईने डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "काय दिसत नाय." चाचा म्हणाले, "दिसत नाय म्हणजे रिकामं नाय, वहिनी. दोरी पलीकडे बाहेर आली की रिकामं." मग एक वही दिली. तारीख, वेळ, आणि साक्षीदाराची सही. सुरुवातीला बघायचं, शेवटी परत बघायचं, मधल्या वेळात साक्षीदाराने आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्या पाठीमागे राहायचं. आणि एकदा 'संपलं' म्हणून मोठ्याने सांगितलं की पिस्तुलाची पेटी बंद. 'अजून एकदाच' असं म्हणायचं नाही.

ते दिवस मला फार आवडायचे. चाचांनी नळीवर ठेवायला तिसऱ्यांच्या कालवणातला एक रिकामा शिंपला दिला होता, पालथा. घोडा दाबताना हात हलला की शिंपला खाली पडायचा. आई माझ्या मागे चुलीपाशी असायची, तिला दिसायचं नाही पण ऐकू यायचं. "पडला!" ती भाकरी थापता थापता म्हणायची. "पडला!… परत पडला! अगो, आज काय भूकंप हाय काय?" बाबा बोटीवरून घरी आले की तेही पाठीमागे भिंतीला टेकून बसायचे आणि शिंपला पडला की आईच्या आधी ओरडायची त्यांची शर्यत लागायची. ज्या दिवशी सलग दहा वेळा शिंपला पडला नाही, त्या दिवशी घरात इतकी शांतता पसरली की शेजारच्या काकू काय झालं बघायला आल्या.

पुढच्या वर्षी, बारावीच्या परीक्षेनंतर, मी ते केलं. सीझन जोरात होता. आई सकाळी जायची ती सात वाजता यायची, आणि आली की पायाला तेल लावता लावताच तिचा डोळा लागायचा. तिला उठवून 'बघ ना, रिकामं आहे का' म्हणायला जीव होत नव्हता. बाबा समुद्रावर. स्पर्धा तीन आठवड्यांवर. मी मनाशी म्हटलं, सिलेंडर नाही, छर्रा नाही, लोखंडाच्या तुकड्यातून काय सुटणार आहे? मग मी दुपारी एकटीने सराव सुरू केला. आणि वहीत आईची सही मीच करू लागले. तिची सही मला येते, शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर बघून बघून पाठ झालेली. आठ दिवस. आठ सह्या.

दर पंधरा दिवसांनी शनिवारी वही दाखवायची असायची. शेडमध्ये बायका पेंढ्यात आंबे लावत होत्या, आई त्यातच होती, माझ्याकडे बघून तिने हात हलवला. चाचांनी चष्मा लावला, पान उलटलं, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. मग हळू आवाजात विचारलं, "दुपारी तीन वाजता तुझी आई कुठे असते?"

मी वेळ खरी लिहिली होती. खोटं लिहिताना वेळही खोटी लिहायची असते हे मला सुचलंच नाही. आठही दिवस दुपारी तीन वाजता माझी आई चाचांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच शेडमध्ये, आंबे भरत होती.

मी म्हणाले, "सिलेंडर नव्हता ना, चाचा… काही होणारच नव्हतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सिलेंडर नाय, हे तुला माहीत. तुझ्या बोटाला माहीत नाय, तुझ्या सवयीला माहीत नाय. आज तू तिला न बघता दाबायला शिकवलंस. ती शिकली. आता ज्या दिवशी सिलेंडर असेल, त्या दिवशी तिला कोण सांगणार?" मग म्हणाले, "उद्या पेटी आणून दे. आईला तू स्वतः सांगितलंस की परत घेऊन जा. मी सांगणार नाय."

पेटी दिली. पण आईला सांगायला मला चार दिवस लागले. रोज ती झोपाळलेल्या डोळ्यांनी विचारायची, "आज शिंपला नाय का?" आणि मी म्हणायचे, "हात दुखतोय." चौथ्या दिवशी तिने गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या खांद्यावर ठेवली. तेव्हा मात्र सांगावंच लागलं. सगळं सांगितलं, वेळेसकट. आई माझ्या शेजारी टेकली. मग तिचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती. "अगो खुळे! तीन वाजता मी त्यांच्या नाकासमोर बसलेली! बारावी झालीस ना तू?" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती गंभीर झाली. "पण माझी सही केलीस म्हणजे मी बघितलं असं झालं. मी नव्हतं बघितलं. तुला काय झालं असतं तर वहीत मी खोटी." मग म्हणाली, "दमलेली असले तरी उठव. मी आंब्याला पेंगते का कधी?"

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले. चाचांनी काही न विचारता आत बघितलं. आईने लांबूनच आंबा धरलेला हात वर केला. चाचांनी पेटी माझ्या हातात दिली. त्यानंतर आई रोज सात वाजता घरी यायची, पाय धुवायची आणि पाटावर बसून म्हणायची, "चल, दाखव." दोरी पलीकडे येईपर्यंत तिची पापणी हलायची नाही.

त्या वर्षी स्पर्धेत मी चौथी आले. तिघींनाच घेतात. मी चेहरा पाडून आले तर चाचांनी दारातच विचारलं, "कितवी?" मी सांगितलं. ते चाचींना हाक मारून म्हणाले, "अगो, ऐकलंस काय? चौथी आली! बाटली धरणारी!" आणि खीर झाली. पुढच्या वर्षी निवड झाली तेव्हाही खीर झाली, पण चव चौथ्या नंबरच्या खिरीलाच जास्त होती.

शेवटची भेट म्हणावी अशी काही खास नाही. जाण्याच्या आठ दिवस आधी मी पुस्तकं घेऊन शेडवरून जात होते. त्यांनी विचारलं, "परीक्षा कधी?" मी तारीख सांगितली. "मग जा, अभ्यास कर. आंबा संपला की बघू."

आंबा संपला. शेड रिकामी झाली. परवा त्यांच्या घरून निरोप आला. त्यांचा मुलगा मस्कतहून आलेला, त्याने मला आणि आईला बोलावलं होतं. तो म्हणाला, "ताई, कपाटात अब्बांची पाच पिस्तुलं आहेत. मला यातलं काही कळत नाही. मी परवा परत जाणार. ही कुणाला तरी देऊन टाकू, की…" तो बोलता बोलता थांबला आणि आतून येणाऱ्या चाचींकडे बघितलं. चाचींनी किल्ली माझ्यापुढे धरली. "हिच्याकडे दे. ते म्हणायचे, ही शिस्तीची."

मी किल्ली घेतली नाही. खरं तर मला वाटलं होतं की एवढ्या दिवसांनी तो प्रसंग कुणाला सांगायची गरज नाही. पण हात पुढे होईना. मी म्हणाले, "चाची, आधी एक सांगायचंय," आणि ते आठ दिवस, त्या आठ सह्या, सगळं सांगून टाकलं. त्यांच्या मुलासमोर. आईने माझ्याकडे एकदा बघितलं.

चाचींनी ऐकून घेतलं. "मला त्यांनी कधी सांगितलं नाय हे," त्या म्हणाल्या. जरा विचार करून विचारलं, "मग तेव्हापासून किती वेळा न बघता दाबलंस?"

"एकदाही नाही."

"मग धर किल्ली. तुझ्या हाताला घाम सुटलाय, तो आधी पूस."

मी कपाट उघडलं. चाचींनी खुंटीवरचा चाचांचा चष्मा घेतला, स्वतःच्या नाकावर चढवला, मग "छे, ह्यातून काय दिसत नाय" म्हणून काढला आणि आपला आणला. आई त्यांच्या शेजारी बसली. मी एकेक पिस्तूल नळी भिंतीकडे धरून उघडलं, दोरी आत सरकवली. पहिल्या पिस्तुलाला चाची म्हणाल्या, "रिकामं वाटतंय." आईने लगेच टोकलं, "वाटतंय नाय, चाची. दोरी येऊ दे." दोरी आली. "रिकामं," दोघी एकदम म्हणाल्या. पाचही पिस्तुलं अशी झाली, त्याला अर्धा तास लागला, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या मुलाने दोनदा चहा केला.

मग मी कपाटातली वही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली… सकाळचे साडेदहा. आईने सही केली. तिच्याखाली चाचींनी, मोठ्या, सावकाश अक्षरांत. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पोरं किती वाजता यायची?"

"सकाळी सात वाजता."

"सोमवारी साडेसहाला ये मग," त्या म्हणाल्या. "पोरं येतील त्याच्या आधी मला शेड झाडायची हाय. पेंढा किती सांडून ठेवलाय तुझ्या आईने."